स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाईचं काम: आधी कागद, मग टाक

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: कल्याणला एका खोलीच्या घरात राहता, दिवसभर नोकरी, रात्री जेवणं उरकल्यावर त्याच टेबलावर दीडेक तास मिळतो आणि झोपायच्या आधी सगळं उचलून ठेवावं लागतं. वर्षभरात सात-आठ पेनं आणि तीन शाया घेऊन झाल्या. तरी रेष थरथरते, जूनपासून शाई कागदावर फुटायला लागली आहे, आणि एकदा काळं पडलं की ते मागे घेता येत नाही. म्हणून विचारताय, आता नेमकं कोणतं पेन घेऊ, आणि स्टुडिओ नसताना शाईत मनासारखं काम होतं का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. होतं. मी गेली चोवीस वर्षं ठाण्याला राहत्या घरात शाईचं काम करते. दिवाळी अंक, मुलांची पुस्तकं, अधूनमधून प्रदर्शनासाठी स्वतःची चित्रं. माझी जागा म्हणजे बंद करून घेतलेली गॅलरी, चार फूट बाय सात फूट, त्यातही एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन. पहिली सहा वर्षं तर तीही नव्हती, तुमच्यासारखंच जेवणाचं टेबल होतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र पेनाच्या नावात नाही. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात मला तीन वेगळ्या अडचणी दिसतात आणि त्यातली एकही पेनाची नाही. शाई फुटते ती कागदामुळे. रेष थरथरते ती बहुधा चित्राच्या आकारामुळे. आणि रोज मांडामांड करून रोज उचलून ठेवायचं, यामुळे तुम्ही घाई करता. ही घाई दुरुस्तीच्या वेळी सगळ्यात जास्त नडते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच सांगून टाकते. चित्र छापायचं आहे, भिंतीवर लावायचं आहे की वहीत ठेवायचं आहे, यावर शाई आणि कागद बदलतात. तुम्ही डावखुरे असाल तर निबच्या दिशेबद्दल मी खाली जे लिहिलंय ते तुम्हाला उलटं करून घ्यावं लागेल. आणि हात प्रत्येकाचा वेगळा. मला मऊ निब आवडते, माझ्या एका मैत्रिणीच्या हातात तीच निब दोन दिवसांत फाकते.

आता कागद. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याच बाबतीत मी स्वतः सगळ्यात जास्त वर्षं चुकले.

दिवाळी अंकांचं काम येतं जुलै ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे ऐन पावसाळ्यात. सुरुवातीच्या एका वर्षी मी एका कथेसाठी जुन्या वाड्याचं चित्र करत होते. मार्चमध्ये घेतलेला कागद, तीच बाटली, तीच निब. मार्चमध्ये त्या कागदावर केसासारखी रेष आली होती. जुलैत तीच रेष टेकवली की दोन्ही बाजूंनी बारीक तंतू फुटायचे, सुरवंटासारखे. मी निब बदलली, शाई बदलली, शेवटी रडकुंडीला येऊन आमच्या सरांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "कागद हलवून पाहिलास का?"

ते कसं पाहायचं ते सांगते. पूर्ण ताव एका कोपऱ्याला धरा आणि हळूच हलवा. कोरडा कागद खडखडतो, त्याचा आवाज पत्र्याच्या जवळ जातो. दमट कागदाचा आवाज मुका होतो, तो हातात लिबलिबीत लागतो. हा फरक एकदा कानाला कळला की विसरत नाही. मी आजही पावसाळ्यात कागद घेतला की आधी हलवते.

यामागचं कारण असं. चांगला कागद तयार करताना त्यात किंवा त्यावर जिलेटिन, स्टार्च असं एखादं द्रव्य वापरतात. त्याला साइझिंग म्हणतात. ते असतं म्हणून शाई वरच बसते, आत झिरपत नाही. टीपकागदात ते नसतं, म्हणून तो शाई पितो. हवेत ओल वाढली की कागदाचे तंतू फुगतात, साइझिंग ढिलं पडतं, आणि शाई तंतूंच्या वाटेने धावते. कागद दोन-तीन पावसाळे उघड्यावर राहिला असेल तर साइझिंग कायमचंच खराब झालेलं असतं. मग तो कितीही वाळवला तरी फुटतो, ठिपक्या-ठिपक्यांनी फुटतो. असा ताव पेन्सिलसाठी ठेवा.

तुमची शाई मार्चमध्ये नीट वागत होती आणि जूनमध्ये फुटायला लागली, असं तुम्हीच लिहिलंय. मग शाईला दोष देऊ नका. कागद लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, जाड प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. त्या पुड्या बुटांच्या, पर्सच्या खोक्यांत मिळतात, फेकू नका. ताव कधीच बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात ती भिंत आतून ओली असते. काम सुरू करायच्या आधी कागद दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा, किंवा हेअर ड्रायर एक फुटावरून दोन मिनिटं मारा. मग कडेला एक चाचणीची रेष ओढा. ती स्वच्छ आली तरच चित्राला हात लावा.

कागद कोणता घ्यावा, तर सरावाला साधा कार्ट्रिज, म्हणजे नेहमीचा चित्रकलेचा कागद, चालतो. पक्क्या कामाला गुळगुळीत पृष्ठभागाचा हॉट प्रेस कागद किंवा ब्रिस्टल, म्हणजे जाड गुळगुळीत कार्डासारखा कागद, घ्या. जलरंगाचा खरखरीत कागद निबला घेऊ नका. निबच्या दोन पात्यांत तंतू अडकतो आणि पुढची रेष मिशीसारखी जाड होते. आणि फक्त जीएसएम, म्हणजे कागदाचं वजन, बघून घेऊ नका. ३०० जीएसएमचा वाईट साइझिंगचा कागदही फुटतो. दुकानात एक सुटा ताव घ्या, घरी चारी कोपऱ्यांत रेष ओढून बघा, पटला तर मग दहा आणा.

दुसरी गोष्ट, थरथर. तुम्ही ए-थ्रीवर काम करता असं लिहिलंय. ए-थ्री म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. जेवणाच्या खुर्चीवर बसून, सपाट टेबलावर, त्या कागदाच्या वरच्या टोकापर्यंत हात लांब करून रेष ओढायची तर ती कोपरातून, कधी खांद्यातून ओढावी लागते. तुमच्या हाताला अजून ती सवय नाही, म्हणून तुम्ही ती बोटांनी ओढायला जाता, आणि बोटांचा पल्ला संपला की रेष थरथरते. माझा अनुभव असा की बोटांनी नीट रेष येते ती साधारण इंच-दीड इंचाची, मनगटातून तीन-चार इंचांची. त्यापुढची रेष कोपराची, आणि कोपराच्या रेषेला कोपर हवेत मोकळं असावं लागतं. शेजारी भिंत आणि समोर मसाल्याचा डबा असेल तर ते होत नाही.

म्हणून माझा सल्ला, निदान सहा महिने ए-फाइव्हवर या. १४८ बाय २१०. हा आकार मनगटात मावतो. तुम्हाला ही माघार वाटेल, पण तशी ती नाही. जागा जेवढी, तेवढी हाताची हालचाल, आणि जेवढी हालचाल तेवढं चित्र. हे गणित मान्य केलं की थरथर बऱ्यापैकी आपोआप जाते. शिवाय ए-फाइव्हचं चित्र एका रात्रीत किंवा दोन रात्रींत पुरं होतं, ही तुमच्या दीड तासासाठी मोठी गोष्ट आहे.

टेबलाला उतार द्या. जुना ड्रॉइंग बोर्ड किंवा जाड प्लायचा तुकडा, मागे दोन जाड पुस्तकं. फार उतार नको, नाहीतर निबमधून शाई ओघळते. आणि कागद फिरवत राहा. नवीन माणूस कागद चिकटवून ठेवतो आणि स्वतः वाकडातिकडा होतो. मी प्रत्येक पाच-सहा रेषांनी कागद वळवते, म्हणजे रेष नेहमी माझ्या सोयीच्या दिशेने, वरून खाली आणि किंचित स्वतःकडे येते. निबची रेष ओढायची असते, ढकलायची नसते. ओढताना दाब पडला की दोन पाती उघडतात आणि शाई उतरते. ढकलली तर टोक कागदात रुततं आणि शिंतोडे उडतात. डावखुऱ्या माणसाने कागद जास्त वळवून हीच ओढ साधायची.

वेगाबद्दल एक. हळू ओढलेली रेष थरथरतेच, प्रत्येक श्वास त्यात दिसतो. चित्रकार के. के. हेब्बर यांची नर्तकांची रेखाटनं मोठ्या आकारात पाहायला मिळाली तर जरूर पाहा. रेष कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे आधी ठरवून, मधलं अंतर न थांबता पार केल्यासारखं वाटतं. मी निब टेकवायच्या आधी तीच हालचाल हवेत दोनदा करते, श्वास सोडते आणि मग टेकवते. मुलांना शिकवतानाही एवढंच सांगते: डोळा निबवर ठेवू नका, जिथे पोहोचायचं तिथे ठेवा.

आता टाक, म्हणजे निब बसवलेला दांडा, शाईत बुडवणं. हे कोणी सांगत नाही आणि त्यामुळे अर्धी डागाळलेली चित्रं होतात. नव्या निबवर गंजू नये म्हणून तेलकट थर असतो. तो स्पिरिटच्या बोळ्याने किंवा थोड्या टूथपेस्टने पुसून घ्या, नाहीतर शाई निबवर थेंब-थेंब होऊन बसते आणि एकदम गळते. निबच्या मध्यावर बारीक छिद्र असतं. शाई त्या छिद्रापर्यंतच घ्या, वर नको. मग निबची पाठ बाटलीच्या काठाला हलकेच टेकवा, जास्तीची शाई परत जाते. मग चित्रावर नाही, बाजूच्या कपट्यावर एक छोटी रेष. पहिली रेष नेहमी जाड येते, ती कपट्यावर जाऊ दे. दुसरीपासून चित्र. पाच-सात रेषांनंतर निब पाण्यात बुडवून सुती फडक्याने पुसा, मग परत शाई. एप्रिल-मे महिन्यात पंखा डोक्यावर असेल तर शाई निबवरच वाळते आणि रेष तुटते. तेव्हा पंखा एकवर आणा, आणि वाटीत वेगळ्या काढलेल्या शाईत डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब घाला, मूळ बाटलीत नको.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: कागद कोरडा करा, आकार लहान करा, कागद फिरवा, कपट्यावर पहिली रेष टाका. एवढ्याने तुमच्या तक्रारी बऱ्याच कमी होतील, नवं पेन न घेता.

शाईचं थोडं. शाया दोन जातीच्या: रंग पाण्यात विरघळलेली, म्हणजे डायची, आणि रंगाचे कण पाण्यात तरंगणारी, म्हणजे पिगमेंटची. फाउंटन पेनच्या बहुतेक शाया पहिल्या जातीच्या, त्या पाण्याने पसरतात आणि उजेडात उडतात. ड्रॉइंगची काळी इंडिया इंक दुसऱ्या जातीची, तिच्यात काजळीचे कण आणि बहुधा लाख असते. ती वाळली की पाण्याने हलत नाही आणि काजळी उजेडाने फिकी पडत नाही. आपल्या जुन्या पोथ्या काजळी आणि डिंकाच्या शाईने, बोरूने लिहिलेल्या, म्हणून शेकडो वर्षांनी अजून काळ्याभोर आहेत. उलट व्हॅन गॉगने १८८८मध्ये फ्रान्समधल्या आर्लला तिथल्या वेताचे बोरू कापून जी अप्रतिम रेखाटनं केली, त्यातल्या अनेकांची शाई आज तपकिरी झाली आहे. आपण जे पाहतो तो उतार-चढाव त्याने केला तसाच राहिलेला नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं. चित्र ठेवायचं असेल तर शाई पिगमेंटचीच घ्या. फक्त लाखेची इंडिया इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका. आत वाळली की पेन गेलंच. लोकलमध्ये रेखाटायला फाउंटन पेन हवंच असेल तर प्लॅटिनमची कार्बन इंक त्यासाठीच बनवलेली आहे, पण पेन रोज वापरात ठेवा.

साहित्य किती? टाकाचा एक दांडा, दोन जी निब (दाबाप्रमाणे जाड-बारीक रेष देणाऱ्या), दोन नंबरचा एक चांगला गोल ब्रश, एक बाटली पिगमेंट शाई, आणि ०.३ मिलिमीटरच्या आसपासचं एक पिगमेंट फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचं, शाई भरलेलं तयार पेन. तुमच्याकडच्या सात-आठ पेनांत यातलं निम्मं असेलच. फाइनलायनरला कमी लेखणारे लोक भेटतील. त्याची रेष जाड-बारीक होत नाही हे खरं, पण त्याला मांडामांड लागत नाही. टाकाची मांडणी आणि धुणं यात तुमची वीस मिनिटं जातात, दीड तासातली वीस. मी तुमच्या जागी असते तर आठवड्यात फाइनलायनरने छाया भरली असती, आणि रविवारी सकाळी उजेडात टाक आणि ब्रश काढला असता.

बाटली. एका रात्री माझ्या मुलाचा पाय टेबलाला लागला आणि भरलेली बाटली नऊ दिवसांच्या कामावर आडवी झाली. खाली गादी होती, तीही गेली. तेव्हापासून मोठी बाटली टेबलावर येतच नाही. औषधाच्या छोट्या रुंद बाटलीत दहा मिली शाई, ती बाटली एका फरशीच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पक्की बसवलेली, आणि ती फरशी उजव्या हाताला, कागदाच्या बाहेर. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर हे आजच करा.

दुरुस्तीबद्दल तुम्ही हताश झालाय, म्हणून तपशील देते. लाखेची शाई जाड कागदावर पूर्ण वाळल्यावर नव्या ब्लेडच्या टोकाने खरवडता येते. ब्लेड आडवं, अगदी हलक्या हाताने, एकाच दिशेने, मग ती जागा नखाच्या पाठीने घोटून घ्यायची. पुन्हा शाई द्यायची तर फाइनलायनरने, निबने नको. पातळ कागदावर हे जमत नाही, तिथे पांढरा गुआश, म्हणजे खालचं झाकणारा अपारदर्शक जलरंग, लावायचा. छापायचं चित्र असेल तर पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर पुन्हा काढलं तरी चालतं, स्कॅनमध्ये कड पुसता येते. पण पूर्ण वाळल्यावर हा शब्द महत्त्वाचा. पावसाळ्यात भरीव काळी जागा रात्रभर वाळू द्या. वरून कोरडी वाटते, रबर फिरवलं की राखाडी होते. पेन्सिलच्या खुणा मी नेहमी दुसऱ्या दिवशीच खोडते. तुमच्या घरात ओलं चित्र ठेवायला जागा नाही ही अडचण खरी आहे. मी फ्रिजच्या वर एक प्लायचा बोर्ड ठेवत असे. तिथे हात लागत नाही आणि फ्रिजची ऊबही मिळते.

छपाईबद्दल एकच सांगते. आमच्या सरांनी ब्लॉकच्या, म्हणजे धातूच्या ठशांवरून चित्रं छापण्याच्या, काळात काम केलं होतं. जस्ताच्या लाइन ब्लॉकला एक तर काळं कळतं नाहीतर पांढरं, करडं कळत नाही. करडं हवं तर रेषा जवळजवळ मारा. आपल्याकडच्या नियतकालिकांतली रेषा त्या शिस्तीत वाढली. चित्रकार दीनानाथ दलालांची, वसंत सरवट्यांची रेखाटनं त्या नजरेने पुन्हा पाहा, कुठे काळं भरलंय आणि कुठे कागद मोकळा सोडलाय ते मोजा. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या चित्रांतल्या गर्दीतही प्रत्येक माणूस वेगळा दिसतो, कारण एकाच्या काळ्या कोटाशेजारी दुसऱ्याचा कोरा सदरा असतो. आज ब्लॉक नाही, पण चित्र लहान करून छापलं की जवळच्या रेषा अजूनही एकमेकींत बुडतात. माझ्या पहिल्या मुखपृष्ठाचं तेच झालं होतं, वडाच्या पारंब्यांचा नुसता काळा पट्टा छापून आला. तेव्हापासून मी चित्र छपाईच्या दीडपट काढते आणि ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून, लहान करून, छापून बघितल्याशिवाय पाठवत नाही.

शेवटी तुमचं ते मोठ्या चित्राचं स्वप्न. दुर्गाडी किल्ला आणि खालची खाडी, तीन फूट रुंद. तेही या टेबलावर होतं. मी वाईचा घाट असाच केला, आडव्या ए-फोरच्या सहा तावांवर, एका वेळी एकच ताव टेबलावर. आधी पूर्ण चित्राचं पोस्टकार्डएवढं कच्चं रेखाटन, त्यावर सहा चौकटी आखायच्या. शाई सुरू करताना पहिल्या तावाच्या उजव्या कडेला दुसरा ताव चिकटवून लावायचा आणि कडेला पोचणारी प्रत्येक रेष दुसऱ्या तावावर एक सेंटिमीटर नेऊन सोडायची. मग पहिला ताव फोल्डरमध्ये, दुसरा टेबलावर. जोड आकाशात किंवा पाण्यात येऊ देऊ नका, तिथे तो डोळ्यांत खुपतो. भिंतीच्या कोपऱ्यात, झाडाच्या खोडात, नावेच्या डोलकाठीत आणा. आणि सहाही ताव एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यातले घ्या, नाहीतर तिसऱ्या तावाचा पांढरा रंग दुसऱ्यापेक्षा पिवळट निघतो आणि ते भिंतीवर लावल्यावरच कळतं.